उपवास ठेवून या

फोन आला तेव्हा रंभाबाई भाकरी थापत होत्या. हात पिठाचे, म्हणून फोन खांद्यानं कानाशी दाबून धरलेला. पलीकडून सोनोग्राफी सेंटरवरची मुमताज बोलत होती.

"मावशी, काकांची तपासणी उद्या दहा वाजता. सकाळी उपवास ठेवून या बरं का. विसरू नका."

"ठिवू की. उपास काय इसरायची गोष्ट हाय व्हय?"

फोन ठेवला आणि रंभाबाईंना भरून आलं. उद्या एकादशी नव्हती, चतुर्थी नव्हती, वार साधा बुधवार. तरी त्या पोरीनं आपणहून उपास सांगितला. मशीन कितीही मोठं असलं तरी आधी देवाचं नाव घ्यावं, हे तिलाही कळतंय म्हणायचं.

"मुसलमानाची पोर, पर बघा," त्या दारातल्या कट्ट्यावर बसलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्यासाठी उपास सांगती. माझा बी करते मी उद्या."

"कर," गुरप्पा म्हणाले. त्यांची बोटं गुडघ्यावर चालली होती. नऊ महिने मृदंगाला हात लावलेला नव्हता, तेव्हापासून गुडघाच मृदंग झाला होता.

गुरप्पांनी तीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणले आणि तीस वर्षं आसपासच्या गावांत कीर्तनाला मृदंग धरला. दिवसा मागाचा खडखडाट, संध्याकाळी मृदंग. कान कसे शाबूत राहिले ते विठ्ठलालाच ठाऊक. नऊ महिन्यांपूर्वी पोट दुखतंय म्हणून दाखवायला गेले आणि कळलं, की पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलीय, कधीही फुटेल. पुण्याला नेलं. पोट न फाडता, मांडीच्या सांध्यातून तार घालून, त्या फुगलेल्या वाहिनीच्या आत कापडाची नळी बसवली. रक्त आता नळीतून वाहणार, फुग्यावर जोर येणार नाही. कापड म्हटल्यावर गुरप्पांना शुद्धीवर आल्या आल्या पहिला प्रश्न पडला, "वीण कशी हाय?" सर्जनना हसू आवरेना.

पण नळी बसवली म्हणजे सुटलो असं नाही. आयुष्यभर तपासत राहावं लागतं. पुण्याला दोनदा झालं. पहाटेची गाडी धरायची, तपासणी होईपर्यंत पोटात कण पडायचा नाही, संध्याकाळच्या गाडीनं परत. शिरेतून रंगाचं औषध सोडून फोटो काढायचा, तर गुरप्पांची मूत्रपिंडं आधीच थकलेली, ते औषध झेपत नव्हतं. मग सर्जन म्हणाले, आता सोलापुरातच एक सोनोग्राफी होते. नुसतं चित्र दाखवत नाही, आतलं कडक आहे की मऊ तेही सांगते. इलास्टोग्राफी. गुरप्पा तिला लस्टोग्राफी म्हणायचे.

तपासणी ठरली बुधवारची, आणि होटगीच्या सप्ताहातलं कीर्तन त्याच संध्याकाळचं. बुवांचा निरोप दोनदा येऊन गेला होता. डॉक्टरनी हो म्हटलं तर गुरप्पा वाजवणार. गेले आठ दिवस त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

रंभाबाईंच्या मनात मात्र कीर्तन नव्हतं. फुगा होता. नवरा जिन्याची एक पायरी चढला तरी त्या त्याच्या पोटाकडं बघायच्या. खोकला तरी बघायच्या. नळीच्या बाजूनं रक्त झिरपलं तर फुगा परत फुगतो, आणि फुटला तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही, हे पुण्याच्या सर्जननी सांगितलेलं वाक्य त्यांच्या कानात घर करून बसलं होतं.

म्हणून त्यांनी उपास मनापासून केला. रात्री साबुदाणा भिजवला. सकाळी सहाला अंघोळ, देवपूजा, आणि मग खिचडी. शेंगदाण्याचा कूट हात सैल सोडून घातला. चार रताळी उकडली, केळी सोलून ठेवली. उपासानं माणसाला घेरी यायला नको. गुरप्पांनी आठ वाजता दोन ताटल्या खिचडी, दोन रताळी, एक केळं असा उपास केला आणि ढेकर दिला. उरलेली खिचडी रंभाबाईंनी डब्यात भरली.

सेंटर सात रस्त्याजवळ. डॉक्टर झीनत चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला गोड आणि हाताला घाई नसलेल्या. आतल्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी गुरप्पांना आडवं केलं. रंभाबाईंनाही बसू दिलं.

"काका, उपवास आहे ना?"

"हाय की," रंभाबाईच बोलल्या. "दोघांचा बी हाय."

डॉक्टर हसल्या. "तुम्ही कशाला ठेवलात मावशी? बरं, असू दे." पोटावर गार जेल लावून त्यांनी मशीनचा दांडा टेकवला. "समजून घ्या हं. नळीच्या बाहेर, जुन्या फुग्यात, थोडं रक्त राहिलेलं असतं. ते दह्यासारखं लागायला हवं. लागलं की दिवसेंदिवस घट्ट होत जातं. पण कुठून तरी ताजं रक्त झिरपत असेल तर तिथलं दही लागत नाही, मऊच राहतं. या मशीनवर घट्ट ते निळं दिसतं, मऊ ते लाल."

"म्हंजी कडक तितकं चांगलं," गुरप्पा म्हणाले.

"बरोबर."

"हितं आमची बायको पास व्हईल बगा."

"गप पडा की," रंभाबाई म्हणाल्या. डोळे पडद्यावर. करड्या धुक्यात निळा डाग उमटला. अजून निळा. रंभाबाईंच्या जिवात जीव आला. मग चित्र पांढरट झालं, विस्कटलं. डॉक्टरांनी दांडा फिरवला, दाबला, गुरप्पांना कुशीवर वळवलं. पुन्हा तेच.

"पोटात गॅस फार आहे," त्या पुटपुटल्या. "उपाशी पोटी इतका कसा?"

"वयामुळं आसंल," गुरप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी आणखी दहा मिनिटं घालवली. शेवटी पोट पुसायला कागद दिला. "दिसतंय तेवढं सगळं घट्ट आहे. पण उजवीकडचा मागचा भाग गॅसमुळे झाकला गेलाय, तिथलं मी काही सांगू शकत नाही. तसं लिहून देते. महिन्याभरात परत या, तेव्हा तो भाग बघू."

"घट्ट हाय न्हवं पर?"

"दिसतंय ते घट्ट आहे."

"मग मृदंग वाजवू?"

"गळ्यात अडकवून, उभं राहून नको. बसून, थोडा वेळ. जपून."

गुरप्पांनी एवढ्यातून एकच शब्द उचलला. शर्टाची बटणं लावता लावताच ते बाहेर गेले आणि फुटपाथवर उभं राहून फोनवर ओरडू लागले, "बुवांना सांगा, येतुया! व्हय व्हय, आजच! लस्टोग्राफी पास!"

रंभाबाई रिपोर्टसाठी काउंटरपाशी थांबल्या. अंग हलकं झालं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं. मुमताज कागद छापत होती, विशी-बाविशीची पोर, कपाळावर घाम. हिनंच तर उपास सांगितला होता. रंभाबाईंनी पिशवीतून डबा काढला.

"घे गं बाई, तोंड गोड कर. गोड न्हाय, तिखट हाय, पर घे. उपासाची खिचडी."

मुमताजनं डब्यात डोकावून पाहिलं. "उपवासाची? म्हणजे उपवास सोडायची का मावशी?"

"सोडायची कशाला? उपासाला खायची."

"उपवासाला खायची?" मुमताज खुदकन हसली. "हे भारी आहे तुमचं. आमच्यात रोजा म्हणजे पाण्याचा थेंब पण नै. खाल्लं तर मग उपवास कसला?" तिनं घासभर खिचडी तळहातावर घेतली. "बरं झालं डबा आणलात. काकांना द्या आता. रात्रीपासून पोटात काही नसंल बिचाऱ्यांच्या. काही खाल्लं की गॅस होतो, मग आतलं दिसतच नै, म्हणून सगळ्यांना असंच बोलवतो आम्ही."

तिनं रिपोर्ट पाकिटात घातला, पाकीट रंभाबाईंच्या हातात दिलं आणि वाजणारा फोन उचलला.

रंभाबाई तशाच उभ्या राहिल्या. दोन ताटल्या खिचडी. रताळी. केळं. आणि वर आपण छातीठोक सांगितलं, दोघांचा बी उपास हाय. उजवीकडचा मागचा भाग झाकलाय तो कशानं? आपल्या हातच्या कुटानं.

पहिला विचार आला तो असा, की कुणालाच ठाऊक नाही. मुमताजला नाही, डॉक्टरला नाही. कागदावर घट्ट लिहिलंय. महिन्यानं यायचंच आहे, तेव्हा खरोखर उपाशी येऊ. एक महिना तर आहे. बाहेर माणूस नऊ महिन्यांनी हसतोय.

दुसरा विचार त्याच्या मागोमाग आला. महिनाभर मी त्यांच्या पोटाकडं बघत राहणार, आणि ज्या कोपऱ्याकडं मशीननं बघितलं नाही तो कोपरा मला डोळे मिटले तरी दिसणार.

त्या बाहेर गेल्या.

"आवो, ऐका. आपलं चुकलंय."

गुरप्पांनी ऐकलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं, आणि चेहरा आवळला. "मग? दिसलं की तिला. घट्ट म्हनली."

"दिसलं तेवढं म्हनली. मागलं दिसलंच न्हाय."

"न्हाय दिसलं तर न्हाय दिसलं. म्हैन्यानं बगंल. मी होटगीला सांगून बसलोय."

"तुमचं होटगी ऱ्हाऊ द्या. मी आत जाऊन सांगते, खाल्लं हुतं म्हनून."

"रंभे," गुरप्पांचा आवाज खाली आला. असा आवाज खाली आला की तो जास्त लागायचा. "गप घरला चल. डॉक्टरनं वाजवा म्हटलंय. तू आडवी येऊ नगंस."

रंभाबाई रस्त्याकडं बघत राहिल्या. रिक्षा, सिटी बस, उसाच्या रसाचा गाडा. आयुष्यभर त्यांनी कीर्तनं ऐकली. खरं बोलण्यावर बुवा निरूपण करायचे तेव्हा त्या मान हलवायच्या, पदरानं डोळे टिपायच्या. मांडवात बसून ते सोपं होतं, कारण खरं बोलायची पाळी कथेतल्या माणसावर असायची. आपल्यावर आली तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. आणि समोर शिव्या द्यायच्या बेतात असलेला नवरा, ज्याच्यासाठी हे चाललंय तोच.

"जावा तुमी रिक्षानं," त्या म्हणाल्या. "मी आत जाते."

डॉक्टर झीनत दुसऱ्या पेशंटचं बघून हात धूत होत्या. रंभाबाईंनी दारातच सांगून टाकलं, एका दमात, कूट किती मूठ घातला त्यासकट. डॉक्टरांनी नळ बंद केला. आधी त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, मग तो हलणं थांबलं.

"खाल्लं किती वाजता?"

"आठला."

"आता साडेअकरा. चार वाजता शेवटचा पेशंट म्हणून घेते. तोवर काही म्हणजे काही नाही. खिचडी नाही, केळं नाही, चहा नाही. घोटभर पाणी चालेल." मग त्या मुमताजला हाक मारून म्हणाल्या, "मुमताज, आजपासून फोनवर उपवास नाही म्हणायचं. उपाशी म्हणायचं. काही खायचं नाही, असं सांगायचं."

मुमताजनं कपाळावर हात मारला. "या अल्ला. मावशी, माफ करा."

"तू कशापायी माफी मागतीस? तू तुजा उपास सांगितलास, मी माजा केला."

गुरप्पा रिक्षानं गेले नव्हते. ते येऊन बाकावर बसले, रंभाबाईंपासून एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. साडेचार तास. त्या बाकावर माणसं येऊन बसली, उठून गेली, पण मधली जागा कुणी घेतली नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढं सरकायचा तेव्हा बारीक टक् आवाज व्हायचा, आणि रंभाबाईंना वाटायचं, आत नवऱ्याच्या पोटातही असंच काही टक् टक् सरकत असेल तर? खात्री नव्हती म्हणून सांगून टाकलं, आता खात्री व्हायची म्हणून भीती.

"तुज्यामुळं गेलं आजचं," दीड वाजता गुरप्पा भिंतीकडं बघून म्हणाले.

रंभाबाईंनी पाकीट पिशवीत खोल सारलं.

"बुवांनी दुसरा गडी बोलावला आसंल आत्तापतूर."

"बरं झालं. बुवांची सोय झाली."

"तुला गंमत वाटतीया."

"मला काय वाटतंय ते मलाच म्हाईत हाय."

होटगीचा फोन वाजला. गुरप्पांनी नाव बघितलं आणि कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. मग त्यांनी फोन बंदच करून खिशात टाकला. रंभाबाईंनी तिरक्या नजरेनं पाहिलं. आज सकाळपासून एक गोष्ट त्यांना खटकत होती, पण कोणती ते सापडत नव्हतं. गुरप्पा चिडले की ताठ बसायचे. आज वाकून बसले होते, एक हात बाकाच्या कडेला घट्ट धरून, आणि बोटं गुडघ्यावर वाजत नव्हती.

चार वाजून दहा मिनिटांनी आत बोलावलं.

या वेळी डॉक्टर काही समजावून सांगत बसल्या नाहीत. दांडा टेकवला आणि चित्र आलं, सकाळच्या मानानं स्वच्छ. निळं. त्याखाली निळं. दांडा उजवीकडं सरकला, थोडा दाबला गेला, सैल झाला, पुन्हा दाबला गेला. डॉक्टरांचा हात एका जागी थांबला.

रंभाबाईंना मशीन कळत नव्हतं. पण लाल रंग कळत होता. चिंचोक्याएवढा लाल, आणि त्याच्या कडेनं पिवळा.

"पांडुरंगा," त्या म्हणाल्या. मोठ्यानं म्हटलं की मनात, हे त्यांना नंतर आठवेना.

डॉक्टरांनी चित्र गोठवलं, मोजलं, पुन्हा मोजलं. पुण्याचा जुना कागद समोर धरला.

"काका, इथं मऊ आहे. दही लागलेलं नाही. आणि फुगा पुण्याच्या मापापेक्षा सहा मिलिमीटर वाढलाय. कुठून तरी झिरपतंय."

गुरप्पा छताकडं बघत होते.

"आता एक विचारते, नीट सांगा. पोटात दुखतं का? पाठीत?"

"न्हाय."

"काका?"

गुरप्पा म्हणाले, डॉक्टरला नाही, छतालाच म्हणाले, "पाठीत दुखतंय. आठ दिस झालं."

रंभाबाईंना आधी ऐकूच आलं नाही. म्हणजे शब्द ऐकू आले, पण ते आपल्या माणसाच्या तोंडचे आहेत हे पटेना. आठ दिवस. होटगीचा निरोप आला तेव्हापासून. आठ दिवस हा माणूस बुवा-बुवा करत होता ते आनंदानं नव्हे.

"आठ दिस?" त्या उठून उभ्या राहिल्या. "आठ दिस, आन् माज्या बाजूला झोपत हुता तुमी?"

"सांगितलं आसतं तर तू जाऊ दिलं न्हवतंस." गुरप्पांनी मान वळवली. डोळे ओले होते. "एकदा वाजवून घ्यावं म्हनलं. मग काय व्हायचं ते हू दे."

"काय व्हायचं ते हू दे?" रंभाबाईंचा आवाज फुटला. "आन् मी? माजं काय हू दे?"

गुरप्पांनी हात पुढं केला, जेल लागलेला, चिकट. रंभाबाईंनी तो धरला नाही. मग धरला.

डॉक्टर झीनत तोवर पुण्याच्या सर्जनशी फोनवर होत्या. त्यांचा आवाज तोच होता, पण आता तो भरभर चालला होता. "सर, फुग्याची सॅक वाढलीय, मागे मऊ भाग आहे, आणि पाठ दुखतेय. हो, आत्ता. महिन्यानं नाही, आत्ता पाठवतेय." फोनवर हात ठेवून त्या रंभाबाईंकडं वळल्या. "मावशी, घाबरण्यासारखं आहे, पण उशीर झालेला नाही. बहुतेक परत तारेनंच होईल, तेव्हासारखं. सर इथल्याच हॉस्पिटलला सगळी तयारी करायला सांगतायत. ॲम्ब्युलन्स मागवते. काका, तुम्ही उठायचं नाही, चालायचं नाही."

"मी चालत..."

"पडून ऱ्हावा," रंभाबाई म्हणाल्या, आणि गुरप्पा पडून राहिले.

मुमताज चादर घेऊन आली. तिनं ती गुरप्पांच्या पायांवर नीट पसरली. डॉक्टर पुन्हा फोनवर बोलू लागल्या, बोलत बोलत दाराबाहेर गेल्या. रंभाबाई नवऱ्याच्या डोक्याशी वाकल्या.

"अजून काय काय लपवून ठिवलंय?"

"काय न्हाय गं."

"खरं सांगा. माजी शपथ हाय."

गुरप्पांनी डोळे मिटले. "रातच्याला घाम येतुया. दचकून उठतुया."

"आन्?"

"परवा न्हाणीत घेरी आलती. बादली धरली म्हनून."

"आन्?"

"डाव्या पायाला मुंग्या येत्यात कधी कधी. बास. आता न्हाय काय."

रंभाबाई सरळ झाल्या. पदर खोचला आणि दाराकडं निघाल्या, साठीतल्या बाईला शोभेल त्यापेक्षा फार जोरात.

"मॅडम! ओ मॅडम!" त्यांनी बोळातून हाक मारली. "फोन ठिवू नगासा! अजून हाय!"